काका, ती गाडी सप्टेंबरमधली आहे

तीर्थस्वरूप काकांना सादर नमस्कार.

तुमच्यासमोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच "चहा घेणार ना?" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून पत्र लिहितेय, आणि उघड लिहितेय. तुम्ही मला जे दिलंत ते पुण्यातल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच राहून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खरं तर आभारांची सुरुवात काकूंपासून करायला हवी. त्या आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आल्या होत्या. मी हातमोजे काढले तेव्हा माझ्या नखाच्या कडेला करडा रंग त्यांना दिसला. "घराला रंग काढलाय का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो, प्लॅस्टिकचं मॉडेल करते, जर्मन चिलखती गाडीचं. समोरचा माणूस अशा वेळी हसतो तरी किंवा गप्प तरी बसतो. काकू म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांना भेट. ते आयुष्यभर प्लॅस्टिकचे साचेच करत आले."

गणपतीचे दिवस होते. बुटांच्या खोक्यात कापूस घालून मी गाडी घेऊन आले. एसडीकेएफझेड २२२, जर्मन लष्कराची हलकी चिलखती टेहळणी गाडी. हॉर्ष कारखान्याची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मागे व्ही-८ इंजिन, चारही चाकांना जोर, आत तीन माणसं, वर उघडा बुरूज आणि त्यात २ सेंटिमीटरची तोफ. खरी गाडी ४.८ मीटर लांब, म्हणजे १/३५ प्रमाणात पावणेचौदा सेंटिमीटर. दोन महिने खपून मी ती पुरी केली होती. सगळीकडे एकसारखा गडद करडा रंग, बाजूला पांढऱ्या कडांचा क्रॉस, कुठे धुळीचा कण नाही.

तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत आणि दहा मिनिटं गाडी फिरवून फिरवून बघितलीत. त्या दहा मिनिटांत काकूंनी दोनदा आत-बाहेर केलं, पण तुम्ही काही बोलला नाहीत. मग गाडी टेबलावर ठेवून म्हणालात, "बसलीय छान. कोणत्या महिन्यातली आहे?"

मी म्हटलं, दुसऱ्या महायुद्धातली, अगदी सुरुवातीची. पोलंडमधली.

"ते वर्ष झालं. महिना कोणता?"

काका, त्या एका प्रश्नासाठी मी तुमची ऋणी आहे. तोवर माझ्यासाठी ती "जर्मन गाडी" होती. महिना विचारल्यावर ती कुठल्या तरी रस्त्यावर, कुठल्या तरी दिवशी उभी राहिली. आणि तशी उभी राहिल्यावर मी केलेल्या निम्म्या गोष्टी चुकल्या होत्या हे आपोआप दिसायला लागलं. तुम्हाला एकही चूक बोट ठेवून दाखवावी लागली नाही.

सप्टेंबर १९३९ म्हटलं की क्रॉस भरीव पांढरा हवा. पोलिश तोफची तो पांढरा ठिपका धरूनच नेम घेतात हे जर्मन सैनिकांच्या लवकरच ध्यानात आलं. मग कुणी त्यावर चिखल फासला, कुणी पिवळा रंग मारला, आणि पुढच्या मोहिमांसाठी नुसत्या पांढऱ्या कडांचा क्रॉस आला. माझ्या गाडीवर होता तो हा नंतरचा. रंगाचंही तेच. त्या काळातल्या नियमाप्रमाणे गाडीवर दोन रंग असायचे: दोन भाग गडद करडा, एक भाग गडद तपकिरी. रंगाची बचत म्हणून तपकिरी काढून टाकण्याचा हुकूम निघाला तो १९४० च्या जुलैमध्ये. म्हणजे पोलंडमध्ये शिरलेल्या गाड्या दुरंगी होत्या, आणि आपण सगळे त्या करड्या रंगवत बसतो, कारण जुन्या फोटोंत त्या करड्याच दिसतात.

तुम्ही ड्रॉवरमधून एका फोटोची प्रिंट काढून माझ्या हातात दिलीत. "बघ." मी बघितलं. करडी गाडी. "अजून बघ." मी खिडकीजवळ जाऊन प्रिंट तिरकी धरली. बराच वेळ काही नाही. मग मागच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या उतारावर, एक कड दिसली. सावली म्हणावी तर ऊन दुसऱ्या बाजूनं होतं. त्या कडेमागोमाग नजर नेली तर ती वळत वळत दारावरून पुढे गेली होती. एकदा ती दिसल्यावर पुढचा ठिपका दिसला, त्याच्या पुढचाही दिसला, आणि मग ती गाडी मला पुन्हा एकरंगी दिसेचना. कृष्णधवल फिल्मवर करडा आणि तपकिरी जवळजवळ एकाच छटेचे उमटतात, एवढंच त्याचं कारण. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघते. बघणं हा माझा पेशा आहे. तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीतरी बघायला शिकले असं वाटलं, आणि हे मी जराही वाढवून लिहीत नाही.

घरी जाऊन मी रंग उतरवायला घेतला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. रंग निघाला, पण बुरुजावरची पितळी जाळी सुटली, आणि तिचं एक पाखं चिमट्यातून निसटून बाल्कनीच्या जाळीतून खाली गेलं. नखाएवढा तुकडा. बॅटरी घेऊन मी पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी शोधला.

जाळीशिवाय २२२ ला अर्थ नाही. बुरूज वरून उघडा ठेवला तो चारी दिशांना नीट दिसावं आणि विमानांवर तोफ रोखता यावी म्हणून. पण उघड्या बुरुजात कुणी हातबॉम्ब टाकला तर तीनही माणसं संपली. म्हणून छपरासारखी दोन पाखी असलेली तारेची जाळी, मधे फटकन उघडणारी. तिच्यामुळेच ही गाडी लांबून ओळखू येते.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा रडवेली झाले होते. तुम्ही म्हणालात, "उद्या ये. काकूंकडे जुनी पितळी गाळणी आहे."

त्या रविवारी तुम्ही मला जे शिकवलंत ते मला कुठल्या वर्गात मिळालं नसतं. गाळणीची जाळी आधी दोन पट्ट्यांत दाबून सपाट केलीत. पंख्याच्या जुन्या वाइंडिंगमधली तांब्याची तार घेऊन तिच्यावरचं वार्निश ब्लेडनं खरवडलंत, ती दोन पाट्यांमध्ये लाटून सरळ केलीत. चौकटीचा आकार कागदावर, कागद लाकडाच्या फळीवर, तार टाचण्यांनी अडकवलेली. मग डाख. कणभर डाख आधी तारेला, मग नुसता गरम टोकाचा स्पर्श, आणि तो चमकून जोडात शिरला. डावं पाखं तुम्ही केलंत. उजवं करायची वेळ आली तेव्हा तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि सोल्डरिंगची मूठ माझ्याकडे केलीत. माझं पहिलं पाखं जळलं, दुसरं वाकडं झालं, तिसरं बसलं. तुम्ही मधे हात घातला नाहीत, आणि गाळणी कापताना "पुरेल ना?" असंही विचारलं नाहीत.

हे तुम्हाला साचे करण्यातून आलं असणार. पिंपरीच्या टूलरूममधल्या तुमच्या गोष्टी ऐकल्यापासून मी किटचा प्रत्येक भाग वेगळ्या नजरेनं बघते. भागाच्या कडेनं जाणारी बारीक रेघ आधी मी नुसती पॉलिश पेपरनं घासून टाकायचे. आता माहीत आहे की साच्याचे दोन अर्धे तिथं मिटले होते. आतल्या बाजूचे गोल खड्डे म्हणजे थंड झालेला भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ठसे. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, सोल्यूशननं गोंदासारखं चिकटत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळून एक होतात, म्हणून घाईनं दाबायचं नाही, ही तुमचीच शिकवण. आणि तो हिशेब! बाजूंचं चिलखत ८ मिलिमीटर. भागिले ३५ केलं तर पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्लॅस्टिक इतकं पातळ ओतता येत नाही, म्हणून मडगार्डच्या आणि झडपांच्या दिसतील तेवढ्या कडा मागून कानशीनं उतरवायच्या. मी दोन संध्याकाळी फक्त मडगार्ड उतरवत होते. आता ते पत्र्याचे वाटतात.

वळिवड्याबद्दल तुम्ही सांगितलंत तेही त्याच रविवारी. डाख थंड व्हायची वाट बघत आपण बसलो होतो. मी विचारलं, काका, महिन्याचं एवढं काय? तुम्ही म्हणालात की तुमची आई लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आजीबरोबर भाजी घेऊन जायची. मी शाळेत हे कधी शिकले नव्हते. १९४३ पासून युद्ध संपल्यानंतरही काही वर्षं तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं. जर्मनी १ सप्टेंबरला पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून. या लोकांना सोव्हिएतांनी घरांतून उचलून सायबेरियाकडे पाठवलं होतं, तिथून सुटून ते इराणमार्गे आपल्याकडे आले. "या गाडीनं त्यांना हाकललं नाही," तुम्ही म्हणालात, "पण त्यांचा देश त्याच महिन्यात गेला. आई सांगायची, एक पोलिश बाई भाजी घेताना रोज तिच्या वेणीवरून हात फिरवायची. गाडी करतेस ना? मग ती कुठे चालली होती तेही माहीत असू दे."

मला वाटतं या छंदातल्या प्रत्येकानं हे एकदा तरी ऐकायला हवं. आपण यंत्राच्या प्रेमात पडतो. रिव्हेट मोजतो, रंगाच्या छटेवरून भांडतो. ती गाडी कुणाच्या गावात शिरली हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं. मी त्या रविवारनंतर काम थांबवून पंधरा दिवस नुसतं वाचत होते.

मग रंग. त्यात मात्र मला माझ्या लॅबचा उपयोग झाला. करड्यात पांढऱ्याचा थेंब किती, तपकिरीत किती, हे मी ड्रॉपरनं मोजून वहीत लिहून ठेवलं, कारण लहान आकारावर मूळ रंग जसाच्या तसा मारला की काळा दिसतो असं तुम्ही सांगितलं होतं. तपकिरी ठिपके एअरब्रशनं, कडा धूसर ठेवून. पहिला हात सुकल्यावर ते इतके कमी उठून दिसले की मी घाबरले. मग तुमची ती प्रिंट आठवली. कमीच दिसायला हवेत.

धुळीसाठी तुम्ही मला नगरला पाठवलंत. तिथल्या रणगाडा संग्रहालयात माझ्या गाडीची थोरली बहीण, जर्मनांची जड चिलखती टेहळणी गाडी, उभी आहे. इतकी वर्षं पुण्यात राहून मला हे ठाऊक नव्हतं. सकाळची एसटी पकडून गेले. पावणेचौदा सेंटिमीटरच्या गाडीवर वर्षभर डोळे लावल्यावर तिच्या घराण्यातली खरी गाडी समोर आली की छाती दडपते. त्या तिरक्या पत्र्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही, उतारावरून घसरते आणि खालच्या कोनात साठते, हे मी तिथून परत आल्यावरच नीट रंगवू शकले. पोलंडमध्ये १९३९ चा सप्टेंबर कोरडा गेला होता, म्हणून माझ्या गाडीवर ओला चिखल नाही, फिकट धूळ आहे. चिखल फक्त एके ठिकाणी: डाव्या बाजूच्या पांढऱ्या क्रॉसवर, बोटांनी घाईघाईत फासल्यासारखा. तो मी खरोखरच बोटानं लावलाय.

काल रात्री दुसरं पाखं बसवलं. डावं तुमचं, उजवं माझं. भिंगातून बघितलं तर माझ्या पाख्याच्या मागच्या कोपऱ्यात डाखेचा एक फुगवटा राहिलाय. तो मी कानशीनं काढणार नाही.

रविवारी अकरापर्यंत गाडी घेऊन येते, त्याच बुटांच्या खोक्यातून. तुम्ही भिंग लावा आणि हवा तेवढा वेळ घ्या. काकूंना सांगा, तुळशीबागेतून पितळी गाळणी घेतलीय, मधल्या छिद्रांची, त्यांच्या जुनीसारखीच. चहा त्या नव्या गाळणीतून गाळू.

तुमची,
तिसऱ्या पाख्याला जमलेली मुलगी