बाबांच्या यादीतलं एकही नको

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कोणतं अँटी-स्पायवेअर, म्हणजे संगणकात बसून हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडणारं सॉफ्टवेअर, घ्यावं म्हणून तुम्ही पाठवलेली यादी नीट वाचली. तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून उत्तर वरच लिहिते: यातलं काहीच विकत घेऊ नका. तुम्हाला जे हवंय ते विंडोजमध्ये आधीपासून आहे, विंडोज डिफेंडर नावाने. त्याची दोन-चार बटणं चालू आहेत का, एवढंच बघायचंय. आणि आई, बाबांनी यादीतल्या कुणाला कार्डाचा नंबर दिलेला नाही ना, ते तू विचारून घे. मी विचारलं तर ते विषय बदलतील.

व्हायरससाठी एक सॉफ्टवेअर आणि स्पायवेअरसाठी दुसरं लागतं, हे तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, पण जुनं आहे. वीसेक वर्षांपूर्वी खरंच तसं होतं. अँटीव्हायरसवाले फाइली बिघडवणाऱ्या, स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या प्रोग्रामांच्या मागे असत. गुपचूप बसून तुम्ही कुठे जाता, काय टाइप करता हे टिपणाऱ्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. म्हणून अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट अशी वेगळी साधनं निघाली आणि जाणकार लोक दोन्ही ठेवत. २००४च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने असं साधन बनवणारी जायंट नावाची एक कंपनी विकत घेतली. त्यातूनच पुढे विंडोज डिफेंडर आला. सुरुवातीला तो फक्त स्पायवेअर पकडायचा. २०१२च्या विंडोज ८पासून तो पूर्ण अँटीव्हायरस झाला. आज कुठल्याही धड अँटीव्हायरसमध्ये स्पायवेअरचा बंदोबस्त धरलेलाच असतो. नुसतं ‘अँटी-स्पायवेअर’ म्हणून कुणी वेगळं काही विकायला आलं, तर मी तिथेच सावध होते.

आता तुमची यादी. त्यातल्या एकाने म्हणे फुकट तपासणी करून शेकडो धोके लाल अक्षरांत दाखवले, आणि ते काढायचे तर पैसे भरा म्हणाला. बाबा, हा धंदा फार जुना आहे. २००८मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका टोळीला कोर्टात खेचलं होतं. खोटी तपासणी, खोटे धोके आणि मग ‘दुरुस्ती’ची विक्री असा प्रकार होता, आणि फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर होता. अशा तपासणीत जे मोजलं जातं ते बहुतेक कुकीज, म्हणजे साइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणा असतात, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, निरुपद्रवी नोंदी असतात, नाहीतर तेवढंही नसतं. खरं साधन काय सापडलं, कुठल्या फाइलीत सापडलं, त्याचं नाव काय, हे सांगतं आणि आधी ते बंदिस्त करून ठेवतं. धोका दाखवून मग हात पसरणाऱ्याला घरात ठेवू नये. ते काढून टाका. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स उघडा, त्याचं नाव शोधा आणि अनइन्स्टॉल दाबा. जाताना तो विनवण्या करेल, सवलत देईल. ऐकू नका.

यादीतली दोन नावं नामांकित आहेत, ती मी तशी उडवून लावणार नाही. पण नामांकित असण्याने सगळं भागत नाही. अँटीव्हायरसला संगणकातलं सगळं दिसतं. दिसलं नाही तर तो तपासणार कसं? म्हणून तो बनवणारा कोण आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे आधी बघावं लागतं. अवास्ट हे जगभर फुकट वापरलं जाणारं नाव. त्यांनी २०१४ ते २०२० या काळात लोक कुठल्या साइटवर गेले ही माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली, असं फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं, आणि २०२४मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. ज्याने हेरगिरी थांबवायची, तोच टिपण करत होता. कुंपणानेच शेत खाल्लं. जंपशॉटचं ते दुकान आता बंद झालंय, पण फुकट अँटीव्हायरस बघितला की मी तेव्हापासून त्याचं प्रायव्हसीचं पान आधी उघडते.

मग निवड करायची कशावरून? ‘टॉप टेन’वाल्या पानांवरून नक्कीच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना प्रत्येक विक्रीमागे कमिशन मिळतं, आणि डिफेंडर फुकट असल्याने त्याच्यामागे कुणालाच काही मिळत नाही. म्हणून तो तिथे तळाशी असतो किंवा नसतोच. त्याऐवजी चाचणी घेणाऱ्या दोन स्वतंत्र संस्थांचे निकाल बघा. एक जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि दुसरी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणक किती मंदावतो, आणि चांगल्याच फाइलीला चोर म्हणण्यासारखे त्रास किती, या तिन्हींना ६-६ असे १८ पैकी गुण देते. बाबा, तुम्हाला तो तक्ता आवडेल. डिफेंडर गेली काही वर्षं तिथे वरच्या रांगेत असतो. विकत मिळणारी काही सॉफ्टवेअरं त्याच्या बरोबरीची आहेत, क्वचित थोडी पुढेही. पण तेवढ्या फरकासाठी दरवर्षी नूतनीकरण, आपोआप कापले जाणारे पैसे आणि सतत ‘प्लॅन वाढवा’ची खिडकी, हा व्याप तुम्हा दोघांच्या मागे लावावा असं मला वाटत नाही.

दोन्ही ठेवू, म्हणजे दुप्पट सुरक्षा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. सतत पहारा देणारी दोन सॉफ्टवेअरं एकाच फाइलीवर झडप घालतात, संगणक रखडतो, कधी कधी एक दुसऱ्यालाच चोर समजतं. म्हणून दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. नव्या संगणकात चाचणीपुरता भरून दिलेला जो अँटीव्हायरस तुमच्याकडे मुदत संपून पडलाय, तोही याच कारणासाठी काढायचा. त्याला काढलं की डिफेंडर पुन्हा पहाऱ्यावर येतो.

आता बटणं. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर ही तिन्ही प्रोटेक्शन चालू हवीत. टॅम्पर महत्त्वाचं, कारण आत शिरलेला प्रोग्राम आधी पहारेकऱ्यालाच झोपवायला बघतो. मग ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडा आणि ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू करा. लोकांचं इथेच राहून जातं. टूलबार, ‘पीसी क्लीनर’, होमपेज बदलणारे उपरे पाहुणे हे सगळे कायद्याने धड व्हायरस नसतात. तुम्हीच कुठेतरी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबून त्यांना होकार दिलेला असतो. हे बटण त्यांच्यासाठी आहे.

शंका आलीच तर दुसरं मत घ्यायला मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती ठेवा. ती पहारा देत नाही, सांगाल तेव्हा तपासते आणि सापडलेलं साफही करते, त्यामुळे डिफेंडरशी भांडण नाही. सुरुवातीला काही दिवस प्रीमियम चाखायला देईल आणि मग विकत घ्या म्हणेल. नको म्हणायचं. संगणक अगदीच विचित्र वागू लागला तर डिफेंडरच्याच ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच झडती होते, म्हणजे लपणाऱ्याला लपायला जागा मिळत नाही. पाव तास लागतो. तेवढा वेळ बाबांना खुर्चीतून उठू देऊ नकोस, आई, नाहीतर ते मध्येच बटण दाबून बंद करतील.

मालवेअरबाइट्स उतरवून घेताना मात्र गूगलवर नाव टाकून पहिल्या ओळीवर क्लिक करायचं नाही. वरच्या ओळी जाहिराती असतात आणि तिथे हुबेहूब नकली पानं बसवलेली सापडतात. २०२२च्या डिसेंबरात एफबीआयने याच प्रकाराबद्दल इशारा दिला आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वापरा असंही सुचवलं. पोलिसांनी जाहिराती बंद करायला सांगाव्यात, म्हणजे पाणी कुठवर आलंय बघा! तुमच्या ब्राउझरमध्ये तसलंच यूब्लॉक ओरिजिन लाइट बसवायचंय, ते आपण फोनवर बोलत करू. बाकीची एक्स्टेन्शनं काढा, विशेषतः आईचं ते कूपन शोधणारं. तू उघडतेस त्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचायची परवानगी त्याने मागितली होती आणि ती मिळालीही आहे. त्याला एवढं कशाला बघायचंय?

आई, कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ असं जे सारखं येतं, ते स्पायवेअर नाही. कुठल्यातरी साइटला तू सूचना पाठवायला ‘अलाउ’ म्हटलंयस, तीच साइट ओरडतेय. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघड आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्या साइट काढून टाक. आणि कधी पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजला, ‘या नंबरवर फोन करा’ आलं, तर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४, तरीही नाही तर सरळ बटण दाबून संगणक बंद करा. समोरचा कितीही गोड बोलला तरी त्याच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर, बसवायचं नाही. ती सॉफ्टवेअरं स्वतः वाईट नाहीत, म्हणूनच डिफेंडर त्यांना अडवेल असं धरून चालू नका.

अजून एक, आणि सध्या मला सगळ्यात धास्ती याचीच आहे. ‘मी रोबो नाही’ असं सिद्ध करायला पानं चौकटीत टिक करायला लावतात, ते तुम्हाला सवयीचं आहे. त्याचीच नक्कल असलेलं पान आता सांगतं की विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही टिक केलं तेव्हाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. तीन बटणांत ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता आणि ती बाहेरून चोर प्रोग्राम ओढून आणते. तुम्हीच चालवलीय म्हटल्यावर पहारेकरीही गोंधळतो. लुमा नावाचा असा एक चोर प्रोग्राम बऱ्याचदा याच वाटेने आत शिरायचा. २०२५मध्ये १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत ३,९४,००० हून जास्त विंडोज संगणकांत तो मायक्रोसॉफ्टला आढळला, आणि मग त्यांनी पोलीस यंत्रणांबरोबर त्याचं जाळं तोडलं. असे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, शिवाय तुम्ही लॉगिन असल्याची खूण, म्हणजे सेशनची कुकीसुद्धा. ती हातात आली की चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही.

म्हणून कधी काही झालंच, तर लपवू नका. मी ओरडणार नाही. इंटरनेट काढा आणि पासवर्ड त्या संगणकावरून बदलू नका, फोनवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट’ करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. नुसता स्कॅन करून सुटका झाली असं धरू नका. जे आधीच बाहेर गेलं, ते स्कॅन परत आणत नाही.

एक गोष्ट मला इथून कळत नाहीये, आणि वरचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे विंडोज १० आहे की ११? १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरच्या वापरासाठी सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती केलेली नसेल तर विंडोजमधल्या नव्या भोकांना ठिगळ लागत नाही, मग पहारेकरी कितीही चांगला असू दे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे खाली अबाउट. त्या पानाचा फोनने फोटो काढून पाठवा. आई, फोटो तू काढ, बाबांच्या फोटोत अक्षरं कधीच येत नाहीत.

तुमची,
धाकटी