आरोग्यमंत्री महोदय, माझ्या डोळ्यापुढचा काळा पदर

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

उजव्या डोळ्याला आता समोर धरलेली बोटं मोजण्यापलीकडे दिसणार नाही, असं डॉक्टरांनी काल सांगितलं. म्हणून हे पत्र.

मी ६१ वर्षांची. ब्लाऊज शिवून घर चालवते. दीड वर्षापूर्वी शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं. सुईत दोरा एका झटक्यात जायचा. मग नजर पुन्हा धुरकटली. भिंगामागचा पडदा गढूळ झालाय, लेझरने मोकळा करू, पाच मिनिटांचं काम, असं म्हणाले. बहुतेकांना त्याने चांगलं दिसू लागतं, हे मी नाकारत नाही. पण त्याने नेत्रपटल, म्हणजे डोळ्याच्या तळाचा ज्यावर चित्र उमटतं तो पडदा, फाटू शकतं, हे मला कोणी सांगितलं? सहीचा कागद इंग्रजीत होता.

चौथ्या दिवशी डोळ्यापुढे काळ्या माशा फिरू लागल्या. दिवा मालवला की कडेला विजा चमकायच्या. रुग्णालयात दोनदा गेले, दोन्ही वेळा खिडकीवरूनच परत पाठवलं, "असं होतंच, थेंब टाका." तिसऱ्यांदा गेले तेव्हा खालून काळा पदर वर चढत होता. पटल सुटलं होतं, आणि पटलाचे डॉक्टर तिथे नव्हतेच. शहरात ऑपरेशन करून डोळ्यात तेल भरलं. मंगळसूत्र गहाण पडलं. दिवसेंदिवस पालथी पडून मी फरशीची एकच भेग बघत होते, आणि मशीनवर लग्नसराईचे कपडे तसेच पडले होते.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. किती शस्त्रक्रिया केल्या ते तुम्ही दरवर्षी सांगता. त्यातले किती डोळे नंतर निकामी झाले, ते का सांगत नाही? उद्दिष्ट पुरं झालं की माणूस तुमच्या वहीतून उतरतो. शेतकरी असो, शिंपीण असो, गरिबाला फुकट दिलं म्हणजे त्याने प्रश्न विचारायचा नाही, हीच तुमच्या सगळ्या खात्यांची रीत झाली आहे.

लेझर केलेल्या प्रत्येकाच्या हातात मराठीत एक कागद द्या: माशा, विजा, पदर दिसला तर त्याच दिवशी या. खिडकीवरच्या माणसालाही तो वाचायला लावा. जिल्हा रुग्णालयात पटलाचे डॉक्टर नेमा.

माझ्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलाय. तो घेऊन मी कुठे जाऊ, तेवढं कळवा.

आपली,
एक शिवणकाम करणारी