‘डिव्हिजन’चे ग्रीक करताना मराठी कागद समोर ठेवा

संपादक महोदय,

ग्रीक मालकीच्या जहाजावरची नोकरी, तिकडचे लग्न किंवा तिकडचे शिक्षण, अशा कारणांनी मुंबईतल्या बऱ्याच कुटुंबांना आपले कागद ग्रीक भाषेत करून घ्यावे लागतात. मूळ कागद अनेकदा मराठी असतो. त्याचे आधी इंग्रजी होते आणि त्या इंग्रजीवरून ग्रीक. या दुहेरी उडीत सर्वांत जास्त माती खातात ते वेगळे होण्याचे आणि वाटण्याचे शब्द. वाटणी आणि फाळणी यांत मराठी माणूस गल्लत करत नाही, ग्रीक माणूसही करत नाही. मधल्या इंग्रजीत मात्र दोन्ही ‘पार्टिशन’. म्हणून आम्ही भाषांतराचे काम करणारे काही जण हे पत्र लिहीत आहोत. (ग्रीक शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. त्यांतला ‘ख’ घशात घासून म्हणायचा, ‘झ’ हा ‘झाड’मधला.)

सर्वांत महागात पडते ती चूक लग्नाच्या कागदांत होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता मिळते, कलम १३ खाली घटस्फोट. पहिल्यात लग्न शाबूत राहते, दुसऱ्यात संपते. घटस्फोटाला ग्रीक शब्द ‘दियाझीयिओ’. त्यातला ‘झिगोस’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. संस्कृत ‘युग’ आणि आपले ‘जू’ त्याच घराण्यातले. आपल्याकडे काडी मोडते, त्यांच्याकडे जू उतरते. अडचण अशी की ग्रीक कायद्यात न्यायिक विभक्तता नावाची गोष्टच नाही. नवरा-बायको वेगळे राहतात त्या स्थितीला ‘दियास्तासी’ म्हणतात, पण ती नुसती वस्तुस्थिती, न्यायालयाचा हुकूम नव्हे. त्यामुळे घाईतला भाषांतरकार ‘ज्युडिशियल सेपरेशन’ला सरळ ‘दियाझीयिओ’ लिहून टाकतो, आणि ज्याचे लग्न कायद्याने अजून उभे आहे तो कागदावर पुन्हा लग्नाला मोकळा ठरतो. बरोबर शब्द ‘दिकास्तिकोस खोरिझ्मोस’, म्हणजे शब्दशः न्यायालयीन विभक्तता. युरोपीय संघाच्या विवाहविषयक नियमांच्या ग्रीक मसुद्यात हाच शब्द आहे, म्हणून तिथल्या वकिलाला तो परका वाटत नाही. तरीही खाली भाषांतरकाराची टीप हवीच: ‘विवाहबंध कायम आहे.’

उलट्या बाजूनेही घोटाळा होतो. परस्परसंमतीच्या अर्जात, कलम १३-ब मध्ये, ‘एक वर्षापासून वेगळे राहत आहेत’ असे वाक्य असते. त्याचे ‘खोरिझ्मेनी’ केले तर बोलीभाषेत ते ‘घटस्फोटित’ असेही ऐकू येते. इथे ‘दियास्तासी’च हवा, आणि वेगळे राहू लागल्याची तारीख मुळातल्याप्रमाणे तंतोतंत. कारण ग्रीक नागरी संहितेच्या कलम १४३९ प्रमाणे दोन वर्षे ‘दियास्तासी’ झाली की संसार मोडला असे कायदा गृहीतच धरतो. २००८ पूर्वी ही मुदत चार वर्षांची होती. तारीख चुकली तर प्रकरणच बदलते.

जमिनीच्या कागदात परिस्थिती उलटी आहे: ग्रीककडे नेमके शब्द आहेत, आपण ते वापरत नाही. सहमालकांनी मालमत्ता आपसात वाटून घेतली तर ‘दियानोमी’. वाटणीपत्राला हाच शब्द. एका जमिनीचे प्लॉट पाडले तर ‘कातात्मिसी’. आपला १९४७ चा तुकडेबंदी कायदा ज्याला आळा घालतो ती ही कातात्मिसी, आणि विखुरलेल्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाला ‘आनादाझ्मोस’. आता इंग्रजी प्रतीत ‘सबडिव्हिजन’ असेल आणि भाषांतरकाराने ‘दियानोमी’ लिहिले, तर दोन भावांनी वाटणी केली असा अर्थ होतो, प्रत्यक्षात एकट्या मालकाने दोन प्लॉट पाडलेले असतात. ‘अविभक्त हिस्सा’ला तर तयार ग्रीक रूप आहे: टक्केवारी लिहून पुढे ‘एक्स आदिएरेतू’. ‘अविभाजितातून’ असा त्याचा अर्थ. ग्रीक खरेदीखतांत तो सर्रास येतो. त्याऐवजी ‘न वाटलेला भाग’ असे वर्णन करत बसले की तिथला नोटरी पुन्हा विचारतो.

शाळेचे दाखले हा गमतीचा प्रकार. ‘इयत्ता पाचवी, तुकडी अ’ याचे इंग्रजीत ‘डिव्हिजन ए’ होते. भाषांतराच्या यंत्राला तो शब्द सुटा दिला की उत्तर येऊ शकते ‘दिएरेसी’, आणि हा गणितातला भागाकार आहे. मुलगा ‘भागाकार अ’मध्ये शिकला! तुकडीला ‘त्मीमा’ म्हणतात. विद्यापीठाच्या विभागालाही तोच शब्द. सैन्याची डिव्हिजन ‘मेरार्खिया’, फुटबॉलची दुसरी डिव्हिजन ‘देफ्तेरी कातिगोरिया’. गुणपत्रिकेवरच्या ‘फर्स्ट डिव्हिजन’ला यांतले काहीच चालत नाही. ग्रीक पदवीत १० पैकी ८.५ आणि त्यावर ‘आरिस्ता’, ६.५ पासून ‘लियान कालोस’, ५ पासून ‘कालोस’ अशी श्रेणी असते. आपल्या ६० टक्क्यांच्या प्रथम श्रेणीचे परस्पर ‘आरिस्ता’ करणे म्हणजे खोटा दाखला देणे. मूळ शब्द आहे तसा लिहावा आणि टक्केवारी द्यावी. तुलना तिथली संस्था करील.

गणिताच्या पुस्तकात मात्र मराठी आणि ग्रीक अगदी जुळ्या बहिणी. भाज्य ‘दिएरेतेओस’, भाजक ‘दिएरेतिस’, भागून आलेले उत्तर ‘पिलिको’, बाकी ‘इपोलिपो’. ‘दिएरेतेओस’ची घडण ‘भाज्य’सारखीच आहे: ज्याला भागायचे ते. इंग्रजीत भाज्यही ‘डिव्हिडंड’ आणि शेअरवरचा लाभांशही ‘डिव्हिडंड’. ग्रीकमध्ये लाभांश ‘मेरिझ्मा’. दलाल स्ट्रीटवरच्या कंपनीचा ताळेबंद भाषांतरित करताना तिथे ‘दिएरेतेओस’ आला तर भागधारक चक्रावतील.

जहाजाच्या कागदांत शब्दाची चूक केवळ हसण्यावारी जात नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत दोन माल एकमेकांपासून किती दूर ठेवायचे याच्या चार पायऱ्या आहेत: नुसते ‘दूर’, मग ‘वेगळे’, मग ‘मध्ये एक पूर्ण कप्पा किंवा होल्ड (जहाजाच्या पोटातले मालाचे कोठार) ठेवून वेगळे’, आणि शेवटी ‘जहाजाच्या लांबीच्या दिशेने, मध्ये पूर्ण कप्पा ठेवून वेगळे’. सुट्या मालासाठी डेकवर याचे किमान अंतर अनुक्रमे ३, ६, १२ आणि २४ मीटर. चारही ठिकाणी भाषांतरकाराने ‘खोरिस्ता’, म्हणजे ‘वेगळे’, एवढेच लिहिले की २४ मीटरचा माल ६ मीटरवर येऊन बसतो. पहिल्या पायरीला ‘माक्रिया आपो’, पुढच्या तिन्हींना ‘दियाखोरिझ्मेना’ आणि त्यापुढे अट पूर्ण शब्दांत. यातल्या कप्प्याला ग्रीकमध्ये ‘दियामेरिझ्मा’ म्हणतात. अथेन्समध्ये राहत्या फ्लॅटलाही तोच शब्द आहे; संदर्भ सोडून शब्दकोश उघडणाऱ्याला जहाजात फ्लॅट सापडतो.

राजकारणातले शब्द वर्तमानपत्रांच्या अधिक कामाचे. पक्ष फुटला तर ‘दियास्पासी’. समाजात दुफळी माजली तर ‘दिखाझ्मोस’. १९१५ मध्ये पंतप्रधान वेनिझेलोस आणि राजा कॉन्स्टंटाइन यांच्यातून पेटलेल्या देशव्यापी दुहीला ग्रीक इतिहासात हेच नाव आहे. चर्चमधली फूट ‘स्खिझ्मा’, एखाद्या प्रांताचे देशातून फुटून निघणे ‘आपोस्खिसी’. फाळणीला ‘दिखोतोमिसी’, दोन तुकडे करणे. पण हा शब्द ग्रीक वाचकाला थेट सायप्रसची, १९७४ नंतर दुभंगलेल्या बेटाची आठवण करून देतो. आपल्या १९४७ च्या फाळणीला तो वापरावा, फक्त त्याचा हा भार लक्षात ठेवून. पोलंडच्या फाळणीला ‘दियामेलिझ्मोस’ म्हणतात, म्हणजे अवयव तोडणे. तो अधिक जहाल, उगाच वापरू नये. सत्तेच्या विभाजनाचे ‘खोरिझ्मोस’ करणारे तर चुकतातच. तिथे ‘दियाक्रिसी’ हवा. १९७५ च्या ग्रीक राज्यघटनेच्या २६ व्या कलमाचा विषय तोच. ‘दियाक्रिसी’चे अनेकवचन मात्र ‘भेदभाव’ या अर्थाने चालते, म्हणून एकवचन-अनेकवचन दोनदा तपासावे.

रोजच्या वापरातले शब्द पटकन सांगतो. ओला-सुका कचरा वेगळा करणे ‘दियालोयी’, रस्त्याचा दुभाजक ‘निसिदा’ म्हणजे छोटे बेट, केसांचा भांग ‘खोरिस्त्रा’. दूध आपल्याकडे फाटते, ग्रीकमध्ये कापते.

छपाईतली एक बाब हमखास सुटते. ‘खोर्या’ या शब्दात ‘खो’वर जोर दिला तर अर्थ ‘वेगवेगळे’, ‘र्या’वर दिला तर ‘खेडी’. लहान अक्षरांत हा फरक वरच्या आघातचिन्हाने दिसतो. पण ग्रीक शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत छापला की आघातचिन्हे गळतात आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. आपल्याकडे सरकारी दाखल्याचे मथळे मोठ्या अक्षरांत टंकण्याची सवय असल्याने हे वारंवार घडते. मथळे लहान अक्षरांतच ठेवावेत. आणि भाषांतराला देताना इंग्रजी प्रतीबरोबर मूळ मराठी हुकूमनामा, सातबारा किंवा दाखला जोडावा. भाषांतरकाराला मराठी येत नसेल तर ‘सेपरेशन’, ‘डिव्हिजन’, ‘पार्टिशन’ जिथे जिथे आले तिथे समासात पेन्सिलीने एका ओळीत लिहून द्यावे की लग्न टिकले आहे की मोडले, मालमत्ता वाटली की तिचे तुकडे पाडले, आणि वाटली असेल तर कोणाकोणात.

आपले,
ग्रीक-मराठी भाषांतराचे काम करणारे काही वाचक
दादर, मुंबई