सूचना : रविवारची वाचन बैठक

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी, ब्रिटिश पशुवैद्य-लेखक जेम्स हेरियट यांच्यावर बैठक आहे.

खरं नाव आल्फ वाइट. जन्म १९१६ चा, शिक्षण ग्लासगोत. १९४० पासून यॉर्कशायरमधल्या थर्स्क गावी गुरांचे डॉक्टर. रात्री-अपरात्री गारठलेल्या गोठ्यात, उघड्या अंगाने, खांद्यापर्यंत हात घालून अडलेली गाय सोडवायची, हा त्यांचा पेशा. लिहायला बसले ते पन्नाशीला. पहिलं पुस्तक १९७० चं. पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करणं तेव्हा नियमात बसत नसे, म्हणून टोपणनाव घेतलं, आणि तेही टीव्हीवर पाहिलेल्या एका फुटबॉल गोलकीपरचं! पुस्तकं लाखोंनी खपली तरी दवाखाना सोडला नाही. (पुस्तकांतलं डॅरोबी गाव नकाशात शोधू नका, ते कल्पित आहे.)

त्यांच्या पुस्तकांवरची टीव्ही मालिका पाहिलेल्यांनीही निदान एक प्रकरण वाचून यावं. पडद्यावर शेणाचा वास येत नाही.

प्रती मोजक्या आहेत. वाचून झालेल्यांनी शुक्रवारपर्यंत कपाटात परत ठेवाव्यात, बाकीचे वाट पाहताहेत. चहा मिळेल, खाऊ ज्याचा त्याने आणावा.