वय विचारता, मग तब्येतही विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पंचाहत्तरी ओलांडली की आपलं सरकार एसटीत फुकट बसवतं. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, गरीब असो की श्रीमंत, २०२४ पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं. स्तनाच्या कर्करोगाची तपासणी मात्र केंद्राच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ याच वयासाठी धरलेली होती, तीही पाच वर्षांतून एकदा. आमच्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या खेड्यांत तेच डोक्यात बसलंय. म्हातारीच्या छातीत गाठ असली काय, नसली काय!

माझी थोरली मावशी चौऱ्याहत्तरची, पारोळ्याकडच्या एका खेड्यात राहते. गाठ दुखत नव्हती म्हणून तिने हळदीचा लेप लावून ती कित्येक महिने पोलक्याआड लपवली. शेवटी सुनेच्या लक्षात आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपरवरचं वय पाहिलं आणि माझ्या मावसभावाला म्हणाले, "वय झालंय, आता कशाला हाल करता? गोळ्या लिहून देतो." मावशी समोरच स्टुलावर बसली होती. तिला कुणी एक शब्द विचारला नाही. ही बाई त्या दिवशीही पहाटे म्हशीची धार काढून निघाली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काय बोलना तो डाक्टर?"

त्या गोळ्या हार्मोनला अडवणाऱ्या. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तरच त्यांचा उपयोग, आणि ते कळतं बायोप्सीच्या तुकड्यावर केलेल्या ईआर-पीआर तपासणीतून. ती झालीच नव्हती. उतारवयातल्या बऱ्याच गाठी हार्मोनवाल्या असतात, हे खरं. पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हेत. शिवाय ऑपरेशन झेपणाऱ्या बाईला नुसत्या गोळ्यांवर ठेवलं, तर स्तनातली गाठ पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता जास्त, हे सत्तरीपुढच्या बायकांवरच्या अभ्यासांतून कधीच पुढे आलंय. मावशीची पुढे दुसरीकडे रीतसर तपासणी आणि ऑपरेशन झालं. पण प्रत्येक मावशीमागे भांडणारी भाची नसते.

आता याची दुसरी बाजू. काही ठिकाणी चाळिशीतल्या बाईला जे देतात तेच सगळं सत्तरीच्या बाईला देतात. त्याचीही प्रत्येक वेळी गरज नसते. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ६३६ बायकांवर एक चाचणी झाली. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, हार्मोनवाली, ऑपरेशन झालेलं, गोळ्या चालू. निम्म्या बायकांना किरण (रेडिएशन) दिले, निम्म्यांना नाही. दहा वर्षांत त्याच स्तनात वा काखेत रोग परतला तो किरण घेतलेल्यांत शंभरातल्या सुमारे दोघींना, न घेतलेल्यांत दहा जणींना. जगण्याच्या वर्षांत मात्र फरक पडला नाही. आता धडगाव-अक्कलकुव्याची आजी डोळ्यांपुढे आणा. किरणांसाठी तिने नाशिक-मुंबईला रोज धर्मशाळेतून दवाखाना गाठायचा, सोबतीला लेकाने मजुरी बुडवायची. तिला हा हिशेब समजावून सांगितला तर "नको" म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. "घेते" म्हणायचाही आहे. आज दोन्ही तिच्याऐवजी दुसरेच कुणी बोलतात. बहुधा ओट्यावर बसलेले पुरुष.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. ना मशीन, ना मॅमोग्राफी. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंतला फरक ठोस म्हणण्याजोगा नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्या अभ्यासातही बायका ३५ ते ६४ वयाच्याच होत्या, हे मान्य. पण फायदा दिसला तो वयाने मोठ्या बायकांत, आणि आपण त्यांनाच यादीतून गाळायचं, हे मला पटत नाही.

सत्तरी गाठलेली बाई सरासरीने आणखी दहा वर्षं तरी जगते. ती दहा वर्षं फुटलेली, वास येणारी गाठ घेऊन काढायची की चालती-फिरती राहून, हे पहिल्या महिनाभरातल्या निर्णयावर ठरतं.

म्हणून मागणं आहे. वरची वयोमर्यादा आपल्या राज्यात तरी पाळू नका. गावातल्या तपासणीत आशाताईंनी सत्तरीच्या बाईलाही बोलवावं आणि आरोग्यसेविकेने आडोशाला तिची छाती तपासावी. कर्करोग निघालेल्या बायोप्सीचा ईआर-पीआर रिपोर्ट धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतून ठरलेल्या मुदतीत मिळावा, आणि तो आल्याशिवाय कुणी गोळी लिहू नये. (मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, ठाऊक आहे. पण खाती म्हातारीने नाही, तुम्ही जुळवायची.) पाच वर्षं घ्यायच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात, महिन्याच्या पाकिटासाठी जिल्ह्याला खेटे घालायला लावलेत तर बाई तिसऱ्या महिन्यात गोळी सोडते.

आणि केसपेपरवर वयाच्या रकान्याखाली तीन ओळी वाढवा: ती स्वतःची कामं स्वतः करते का, तिला दुसरे कोणते आजार आहेत, आणि उपचाराबद्दल तिचं स्वतःचं म्हणणं काय. तिसरी ओळ भरताना मुलगा, जावई, पुतण्या, सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर बसवावं. बोलायला अहिराणी, पावरी किंवा भिली येणारी एखादी सिस्टर जवळ असावी.

यातल्या कशासाठीच नवी इमारत लागत नाही. यातलं काय होईल, कधी होईल आणि काय होणार नाही, एवढं लेखी कळवावं.

आपली,
अमळनेर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका