तुझ्या वाड्याच्या कुलपाविषयी

लष्कर, ग्वाल्हेर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. लिहिलं असतं तर तू हसला असतास, म्हणून सरळच विचारतो. तुझ्या वाड्याच्या दिंडीची किल्ली कुणाकडे आहे? तुझ्याकडे, नागपूरच्या दादाकडे, की वहिनीच्या माळ्यावरच्या ट्रंकेत?

फोनवर विचारलं की तू "बघू रे, उन्हाळ्यात येतोच आहे" म्हणतोस आणि तब्येतीवर घसरतोस. असे 11 उन्हाळे झाले. म्हणून यंदा कागद.

झालं असं. कोजागिरीनंतर आपल्या गल्लीत दोन पोरी यायला लागल्या. आर्किटेक्चर शिकतात, एक भिंडची, एक मुरारची. जुनी वस्ती पुन्हा नांदती कशी करायची, यावर त्यांना काहीतरी लिहून द्यायचंय. मी आधी टाळलंच. कारण त्याच्या महिनाभर आधी याच विषयावर एक सरकारी बैठक होऊन गेली होती. खात्याचं नाव लिहीत नाही, जाऊ दे. मंगळवारी सकाळी 11 वाजता, एसी हॉलमध्ये. म्हणजे दुकानदार दुकानात आणि बायका स्वयंपाकघरात असताना. भिंतीवर इंग्रजी स्लाइड्स. त्यात आपली गल्ली होती म्हणे, पण पांढऱ्या भिंती, पितळी दिवे आणि कॉफी पिणारी माणसं बघून मला ओळख पटेना. शेवटची दहा मिनिटं 'सुझाव'. मी नाल्याचं विचारलं. "नोट कर लिया" असं उत्तर आलं, मग समोसे आले आणि मग हजेरीचा कागद आला. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, 34 वर्षं ऑडिट केलंय मी. ती सही पुढे कुठे चिकटवतात हे मला कुणी सांगायला नको.

कायद्यात लोकांना विचारायची सोय आहे, नाही असं नाही. आपल्याकडे 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करायचा आणि निदान 30 दिवस लोकांच्या हरकती-सूचना घ्यायच्या. पण तोवर नकाशा रंगवून तयार असतो. माणूस फक्त आपल्या ओट्यावरून रस्ता गेलाय का तेवढं बघतो आणि घरी येतो.

पोरींनी मात्र बैठक ठेवली संध्याकाळी, गणपतीच्या देवळापुढे, आरतीनंतर. मोठा कागद पसरला, स्केचपेनं ठेवली. बायका लांब उभ्या. शेवटी कोपऱ्यावरच्या काकू (तुला लहानपणी चिंचेवरून बदडलं होतं त्याच) घरातून रांगोळीचा डबा घेऊन आल्या. "कागदावर मला काही समजत नाही, फरशीवर काढते," म्हणाल्या. आणि बंड्या, दहा मिनिटांत आख्खी गल्ली! विहिरी, ओटे, दोन्ही बोळ, पाणी तुंबतं ती जागा, मुलींना रात्री भीती वाटते तो खांब, सगळं. मग ठरलं की मालक राहतो त्या घरावर हळद आणि कुलूप आहे तिथे कुंकू.

आणि भाडेकरू? इथे गाडी अडली. आपल्याच लोकांपैकी एक जण म्हणाले, "त्यांना कशाला रंग हवा, ते आज आहेत, उद्या नाहीत." मलाही आत कुठेतरी ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. शिंद्यांच्या छावणीपासूनचे आपण, गल्ली आपलीच, असा एक ताठा असतोच ना. एक बाई मागे उभी होती. नवरा ई-रिक्षा चालवतो, अर्ध्या वाड्यात सहा वर्षं राहतात. ती हिंदीत म्हणाली, पहाटे चारला पाणी मी भरते, पाइप कुठे गळतो ते यांच्यापैकी कुणी सांगावं. कुणी सांगू शकलं नाही. काकूंनी डब्यातली पांढरी रांगोळी तिच्या हातात दिली. तिने दहा घरांवर पांढरं टाकलं आणि गळती होती तिथे नकाशातच पेलाभर पाणी ओतलं.

मोजायची खोड माझी. 41 घरं. हळद 17, पांढरी 10, कुंकू 14. देवळाच्या पायरीवरून बघितलं तर गल्लीला मधोमध जखम झाल्यासारखी दिसत होती, आणि ऐन मध्यावर तुझा वाडा.

आपलं आकसणं तसं जुनंच. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच शहर झालं, नावही लष्करच राहिलं. 1956 ला मध्य भारत राज्य मोडून भोपाळ राजधानी झाली, तेव्हा तुझ्या आजोबांची कचेरी उठली. 1992 ला जे. सी. मिल, आपली कापडगिरणी, बंद पडली. मग आपली पोरं पुण्याला गेली, मग त्यांचे आईबाप. गंमत अशी की शहर काही लहान झालं नाही, 2011 च्या जनगणनेत साडेदहा लाखांवर होतं. ते थाटीपूरकडे आणि सिटी सेंटरकडे फुगलं, आणि लष्कर पोटातून रिकामं होत गेलं.

तुझी लेक क्लीव्हलंडला आहे ना, तिथून गाडीने तास-सव्वा तासावर यंगस्टाऊन आहे. पोलादाचं गाव. 19 सप्टेंबर 1977 ला तिथला मोठा कारखाना बंद झाल्याचं जाहीर झालं. 1930 ला वस्ती 1 लाख 70 हजार होती, 2000 ला 82 हजार उरली. त्यांनी 2005 मध्ये जो आराखडा केला त्यात चक्क मान्य केलं की आपण आता लहान गाव आहोत, पूर्वीचे दिवस येणार नाहीत, तर लहान म्हणूनच नीट राहू. हे आधी लोकांत बसून बोलले. एकेका सभेला हजाराहून जास्त माणसं आली. मला त्यातलं हे कबूल करणंच मोठं वाटतं. आपल्या त्या स्लाइडमध्ये 'पूर्ववैभव' हा शब्द तीनदा होता. पण नंतर तिथेही, जवळजवळ ओस पडलेल्या गल्ल्यांतून उठून जाण्यासाठी पैसे देऊ केले तरी लोक हलेनात. मला हसू आलं. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या आजींना त्यांच्या मुलाने गुडगावला न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तिथे मला हाक मारणारं कोण आहे?"

पण तुला पत्र लिहिण्याचं कारण लाइपझिग. पोरींनीच सांगितलं. पूर्व जर्मनीतलं शहर, 1989 ला सव्वापाच लाखांवर वस्ती आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ लाखभर माणसं कमी. सुंदर जुनी घरं रिकामी, मालक दूर, छपरं गळतायत. तिथे 2004 साली काही लोकांनी संस्था काढून 'राखणीची घरं' सुरू केली. मालकी मालकाचीच राहते. बहुधा पाच वर्षांसाठी चित्रकार, विद्यार्थी असे लोक आत राहतात, भाडं देत नाहीत, पाणी-विजेचा वगैरे खर्च भरतात आणि घराची राखण करतात. खिडक्या उघडल्या जातात, गळती दिसली की कुणीतरी डांबर लावतं. एवढंच. दहा कोटींचा प्रकल्प नको.

हे ऐकल्यावर देवळापुढे पहिला प्रश्न तुझा निघाला. तुझ्याबद्दल वाईट कुणी बोललं नाही, उलट तुझ्या आईची सगळ्यांना आठवण आहे. पण तुझ्या चौकातलं पावसाचं पाणी शेजारच्या भिंतीत मुरतं, तिथे त्यांच्या सुनेचं पाळण्यातलं पोर खोकतं. श्रावणात तुझ्या सज्ज्याची एक दगडी पट्टी रात्री अडीचला बोळात पडली. कुणी खाली नव्हतं. आवाज मात्र मी अजून विसरलो नाही. आणि सगळ्या बायकांना तुझी विहीर हवी आहे. कॉफीचं दुकान एकीनेही मागितलं नाही.

तुझी भीती मला माहीत आहे. 1961 च्या स्थान नियंत्रण (म्हणजे भाडेनियंत्रण) कायद्यात एकदा भाडेकरू बसला की निघत नाही, चाळीस रुपये भाड्यावर पिढ्या जातात, हे आपण दोघांनी आपापल्या घरात पाहिलंय. त्यात तुमच्या वाटण्या झालेल्या नाहीत, पाच हिस्सेदार. म्हणून कुलूपच बरं, असं वाटणं चूक आहे असं मी म्हणत नाही. निम्मी कुंकवाची घरं याच कारणाने लाल आहेत. त्यामुळे वकिलाला विचारलंय. भाडं घ्यायचंच नाही, ठरावीक मुदतीचा लेखी परवाना द्यायचा, पाचही जणांच्या सह्या घ्यायच्या. कागद कच्चा आहे, सोबत जोडतोय. लाल पेनाने वाटेल तेवढं खोड, तू काही कमी खोडकर नाहीस.

राहायला कोण, तेही सांगतो. इथल्या संगीत विद्यापीठातली दोन मुलं. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, पाट्या लागल्या, पण या पोरांना रियाजाला खोली कुणी देत नाही. पहाटे खर्ज लावला की घरमालक दार वाजवतो. तुझ्या पुढच्या दोन खोल्या त्यांना द्यायच्या, चौक आणि विहीर गल्लीला दिवसा उघडी ठेवायची. ई-रिक्षावालीने विहीर उपसायच्या कामावर देखरेख करायचं स्वतःहून कबूल केलंय. काकू म्हणाल्या, गाणं ऐकायला येईल, पण बेसूर असलं तर सांगणार. सांगतीलच.

तू नाही म्हणालास तरी इथे कुणी रागावणार नाही. पण मग 'नाही' तरी स्पष्ट लिहून पाठव. गेली 11 वर्षं आम्ही तुझ्या 'बघू'च्या भोवती नाल्या वळवतोय.

सज्ज्यातला पिंपळ आता हातभर बाहेर आलाय. सध्या कोवळा आहे, कोयत्याने निघेल. फाल्गुनानंतर मुळं जोडात शिरली की अख्खी पट्टी उतरवावी लागेल. तेव्हा संक्रांतीच्या आत कळव. किल्ली कुरियरने पाठवू नकोस, ती बोटभर जाडीची लोखंडी वस्तू बघून कुरियरवाला घाबरेल. कुणी येणाऱ्याबरोबर दे. किंवा तूच ये. माझ्याकडे रजई आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्तू

ता. क. गजकाचा डबा वेगळा पाठवलाय. तिळाचा तुझा, शेंगदाण्याचा वहिनींचा. दादाला फोन केलास तर आधी गजकाचं सांग, मग कागदाचं.