पावसाच्या संताचं नाटकघर

नॉर्विच, इंग्लंड
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मध्या,

तुझं पत्र मिळालं. ‘देवाच्या घरात बिअर? मला नाही पटत बुवा,’ एवढं सांगायला तू अख्खं पान खर्ची घातलंस, आणि वर आईला सांगेन अशी धमकी! फोनवर आपलं नुसतं भांडण होतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायलाच बसलो.

ज्या चर्चमध्ये कार्यक्रमाला जाऊन मी बिअर प्यायलो, ते सेंट स्विदिन्सचं. मध्ययुगातलं पॅरिश चर्च, म्हणजे त्या वस्तीचं, आळीचं चर्च म्हण. १९८० पासून तिथे नॉर्विच आर्ट्स सेंटर, म्हणजे कलांच्या कार्यक्रमांचं केंद्र, चालतं. मनोरा एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला, त्यामुळे रस्त्यावरून जाताना पटकन ओळखूच येत नाही. मी दोनदा पुढे गेलो आणि परत आलो. भिंती चकमकीच्या दगडाच्या, इथल्या सगळ्या जुन्या चर्चसारख्या. या भागात बांधकामाचा दुसरा चांगला दगड नाही, जमिनीतून निघतो तो हाच.

आत शिरल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल मी? टाळी वाजवली. तुझ्याबरोबर इतकी वर्षं साउंडच्या टेबलामागे उभा राहिलो त्याची सवय. टाळी वर गेली, छताशी रेंगाळली आणि सावकाश खाली उतरली. संथ समूहगायनाला हे सोन्यासारखं. ड्रम आणि भराभर बोलणाऱ्या नटाला मात्र काळ. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. अशा इमारतीत जाड पडदे लावायचे, स्पीकर भिंतीकडे न वळवता माणसांकडे वळवायचे. बाकी एक गंमत, हॉल माणसांनी भरला की निम्मं काम आपोआप होतं. अंगावरचे कोट आवाज पितात. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तीच जागा एकदम जवळची झाली. तुला तिथे उभं करायला हवं होतं.

आता बिअर. अरे, या सभामंडपाचा इतिहास तुला वाटतो तितका सोवळा नाही. मध्ययुगात चर्चची सरळ वाटणी असायची. आतला भाग, आपल्या भाषेत गाभारा, त्याची डागडुजी धर्मगुरूकडे. बाहेरचा मंडप गावाकडे. बराच काळ मंडपात बाकंही नव्हती, लोक उभे. छपरासाठी पैसे जमवायला गावकरी बिअर गाळून विकायचे, त्याचा रीतसर उत्सव व्हायचा, कधीकधी खुद्द मंडपातच. वरचे धर्माधिकारी डोळे वटारायचे, लोक पुन्हा तेच करायचे. पवित्र शांतता म्हणून आपण जी समजतो ती बरीचशी नंतरची आहे. त्यामुळे माझ्या हातातला ग्लास ही जुनीच रीत, फक्त मधे चार-पाचशे वर्षांची सुट्टी पडली.

आणि इथे प्रश्न एका चर्चचा नाहीच. लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारातून नॉर्विच श्रीमंत झालं, तेव्हा आळीआळीने चर्च बांधली आणि एकमेकांवर कुरघोडी करत वाढवली. आज जुन्या तटाच्या आत ३१ मध्ययुगीन चर्च उभी आहेत. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यांत काही गेली. याच रस्त्याच्या टोकाला सेंट बेनेडिक्टचा नुसता गोल मनोरा उरलाय, चर्च नाही. पुढे जुन्या गलिच्छ वस्त्या पाडल्या, माणसं उपनगरांत गेली. एवढ्या चर्चना भाविक आणणार कुठून? १९७३ मध्ये त्यांच्यासाठी एक ट्रस्ट निघाला आणि एकेकाला भाडेकरू शोधणं सुरू झालं. सेंट जेम्समध्ये बाहुल्यांचं थिएटर आहे, तेही १९८० पासूनच, रे आणि जोन डासिल्व्हा या जोडप्याने उभं केलेलं. चर्चमध्ये कळसूत्री बाहुल्या! मला तर ही कल्पना आर्ट्स सेंटरपेक्षाही आवडली.

भाडेकरू असणं किती महत्त्वाचं, ते भिंत बघून कळतं. चकमकीचा दगड पाणी पीत नाही, ओल सगळी मधल्या चुन्यातून बाहेर पडते. कुणी शहाणपणा करून सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडते. पन्हळ तुंबली, छपरावरचं शिसं चोरीला गेलं (हो, शिसं चोरतात, भंगारात विकायला), की बंद इमारतीत ते महिनोनमहिने कुणाला दिसतच नाही. जिथे दर आठवड्याला माणसं येतात तिथे पहिला थेंब पडल्याबरोबर कुणीतरी बादली ठेवतं आणि फोन लावतं. कुलूप लावून जपलेल्या देवळापेक्षा मला ही बादली जास्त भक्तीची वाटते. चिड, चिडायचं तर.

तुला आवडेल असं एक राहिलंच. १९८९ साली, जगाला नाव माहीत होण्याआधी, निर्वाना नावाचं अमेरिकन बँड याच मंडपात वाजवून गेलं. चर्चमध्ये निर्वाण! यावर तुझ्या काकांनी काय कोटी केली असती याचाच विचार करत होतो.

एका गोष्टीत मात्र तुझ्याशी सहमत आहे. भिंतींवर मृतांच्या स्मरणशिळा आहेत, आणि अशा जुन्या चर्चच्या जमिनीखाली पैसेवाल्यांना पुरायची पद्धतच होती. सगळे नाचायला लागले तेव्हा माझे पाय जरा अडखळले. कुणाच्या तरी पणजोबांच्या छातीवर आपण उड्या मारतोय, असं वाटून मी कडेला जाऊन उभा राहिलो.

घरी येऊन या स्विदिनबाबाची गोष्ट वाचली. नवव्या शतकातला विंचेस्टरचा बिशप. आख्यायिका अशी, की मला चर्चच्या आत नको, बाहेर पुरा, माझ्यावर पाऊस पडू दे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडू देत, असं त्याने सांगून ठेवलं होतं. शंभरेक वर्षांनी, ९७१ मध्ये, भक्तांनी न राहवून त्याच्या अस्थी सन्मानाने आत नेल्या. तो दिवस १५ जुलै. आणि लोक म्हणतात, त्या दिवशी असा काही पाऊस लागला की बस. तेव्हापासून समजूत, १५ जुलैला पडला तर पुढे चाळीस दिवस पडणार. आपल्या नक्षत्रांच्या वाहनांइतकीच खात्रीची.

म्हणजे ज्याला लोकांचे पाय अंगावर हवे होते, त्याच्याच नावाच्या चर्चमध्ये मी कडेला अंग चोरून उभा होतो.

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, तेव्हा मधे उभा राहीन. तुझ्या नाटकाच्या तालमी कुठवर आल्या ते लिही, आणि तो दुसऱ्या अंकातला पॉझ कमी कर, मी आधीही सांगितलंय. आईला काही सांगू नकोस. १५ जुलैला इथे पाऊस पडला की नाही, ते कळवतोच.

तुझा,
दिल्या